थोरली बसली का?

त्या कारखान्यात तीन बियर बनायच्या आणि तिघींची नावं बायकांची होती: थोरली, मधली आणि धाकटी. धाकटी फिकी, हलकी, कुणाशीही पटवून घेणारी. दहा-बारा दिवसांत तयार. मधली तांबूस, जराशी कडवट, पण कडवटपणा मनात न ठेवणारी. आणि थोरली म्हणजे थोरलीच. गडद, जड, टाकीत शिरली की महिना महिना निवळायचं नाव न घेणारी. एकदा निवळली की मात्र लोक तिच्यासाठी लांबून यायचे.

नावं मावशीने ठेवली होती. मावशी कारखान्याची मालकीण, आणि बियर बनवणारीही तीच. थोरलीचं नाव तिने सरळ आपल्या थोरल्या बहिणीवरून ठेवलं आणि तोंडावर सांगितलं, "ताई, तुझ्यासारखीच आहे बघ. जड आणि उशिरा शांत होणारी." बहिणीला राग येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती उलट आल्यागेल्याला बाटलीवरचं नाव दाखवत सुटली. स्वतः मात्र एका घोटापुढे कधी गेली नाही.

या बहिणीची मुलगी सहा वर्षं मावशीच्या हाताखाली होती. मावशीला येणारेजाणारे सगळे मावशी म्हणायचे आणि हिला सगळे भाची म्हणायचे. अडतीस वर्षांच्या बाईला भाची म्हणून हाक मारताना कुणाला काही वाटत नसे. आधी ती एका रंगाच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. रंग घट्ट आहे का पातळ, डब्यावर लिहिलंय तसा आहे का, हे दिवसभर मापायचं आणि कागदावर लिहायचं. नोकरी चांगली होती. ती सोडून ही इथे आली, कारण सुट्टीत एकदा मावशीला मदत करायला आली होती आणि गरम पाण्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पडल्यावर जो वास सुटतो, तो तिच्या डोक्यातून गेलाच नाही. घरच्यांनी वेड्यात काढलं. तिने काढू दिलं.

कारखाना म्हणजे पूर्वीचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज. लांबलचक खोली, मध्ये गटाराकडे उतरती फरशी, एका बाजूला उकळायचं मोठं भांडं, दुसऱ्या बाजूला स्टीलच्या तीन टाक्या. मागे थंड खोली, तिच्या पलीकडे बॉयलरची खोली. भाचीचं निम्मं आयुष्य धुण्यात जायचं. बियर बनवणं म्हणजे चार आणे बनवणं आणि बारा आणे धुणं, असं मावशी म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

उकळणं, गाळणं, यीस्ट सोडणं, तापमान राखणं, सगळं भाचीला येत होतं. एक गोष्ट सोडून. टाकीतली बियर तयार झाली की नाही, हा निकाल फक्त मावशी द्यायची. नळीतून पेल्यात दोन बोटं बियर काढायची, आधी हुंगायची, मग घोट घेऊन तोंडात फिरवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मग एकच शब्द यायचा. "बसली." म्हणजे चव जागेवर बसली, आता भरायला हरकत नाही. नाहीतर काहीच न बोलता पेला धुवायला टाकायची. सहा वर्षांत तो शब्द भाचीच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. तिला कुणी मनाई केली नव्हती. तिची हिंमत झाली नव्हती, एवढंच.

मावशी तिला काटेवाली म्हणून चिडवायची. बियरमध्ये सोडायचा एक काचेचा तरंगता काटा असतो. साखर किती उरली ते तो दाखवतो. भाची दिवसातून तीनदा काटा सोडायची आणि वहीत आकडा लिहायची. मावशी म्हणायची, "काट्याला साखर कळते गं. चव कळत नाही."

आता मावशीचे गुडघे दुखायला लागले होते आणि पोती उचलणं होत नव्हतं. यंदा तिच्या लेकीचे दिवस भरत आले, म्हणून तीन आठवडे लेकीकडे जायचं ठरलं. सोबतीला थोरली बहीणही निघाली. जायच्या आदल्या संध्याकाळी मावशी टाकीशी टेकून भाचीला म्हणाली, "आले की ठरवू आपण. कारखाना तू चालवायचा, की मी मिटवायचा."

"मिटवायचा कशाला? मी आहे ना."

"आहेस. पण सारखी माझ्या तोंडाकडे बघत असतेस. माझ्यामागे कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

भाचीला त्या रात्री धड झोप लागली नाही. हे गॅरेज, या टाक्या, हा वास तिला हवा होता, आणि किती हवा होता हे तिला तेव्हाच पुरतं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळंच एकदम आलं. येणार होतं ते माहीत होतं, पण म्हणून त्याने रांगेत थोडंच यायचं? बाटल्या भरायचं यंत्र मावशीचं स्वतःचं नव्हतं. एक भरणीवाला ट्रकवर यंत्र बांधून गावोगावच्या छोट्या कारखान्यांत फिरायचा, आणि महिन्यातून एक सकाळ इथे यायचा. ती सकाळ हीच होती. मावशीने निघता निघता थोरलीचा घोट घेतला, डोळे मिटले, आणि तेवढ्यात दारात टॅक्सीचा भोंगा वाजला. टॅक्सीत भाचीची आई बसली होती आणि बस चुकणार म्हणून खिडकीतून ओरडत होती. मावशी पेला तसाच ठेवून, पिशवी सांभाळत पळाली. निकाल राहून गेला.

भाचीने मग स्वतः घोट घेतला. गडद, भाजक्या धान्याची चव, मागून बेताचा कडूपणा. आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, जिभेवर लोण्याचा एक पातळ थर. बियर कच्ची असली की असं लोणी लागतं. आणखी काही दिवस उबेत ठेवली की यीस्टच ते खाऊन टाकतं. भाचीने काटा सोडला. आकडा अगदी बरोबर होता, चार दिवस हलला नव्हता. तिने पुन्हा घोट घेतला. पुन्हा लोणी.

भरणीवाला यंत्राच्या नळ्या जोडून, हात पुसत उभा होता. मोठा गमत्या माणूस. "काय मग, भाची, आज बसायचं का?" ही त्याची दर महिन्याची थट्टा. या धंद्यातल्या माणसाने बसण्यावर विनोद करायचा नाही, तर कुणी करायचा? पण त्या दिवशी भाचीला हसू आलं नाही. त्याला दुपारी दुसऱ्या गावी जायचं होतं.

तिने मावशीला फोन लावला. पलीकडे गाड्यांचा, भोंग्यांचा, माणसांचा नुसता कल्ला.

"मावशी, थोरली बसली का?"

"काय?"

"थोरली! थोरली बसली का?"

"बसली, बाई, बसली एकदाची! घाम काढला तिने. पण आता मस्त बसलीय, काळजी करू नको." आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही.

काळजी करू नको म्हटल्यावर काळजीचं कारण काय? भाचीने टाकीकडे पाहिलं. मग तिला लागलेलं लोणी तिने मनातल्या मनात पुसून टाकलं. मावशीची जीभ चाळीस वर्षांची जुनी, आपली सहा. दात घासल्यावर लगेच चाखली असेल. नाश्त्याची चव उरली असेल. माणसाला स्वतःला खोटं पाडायचं असलं की पुरावे कमी पडत नाहीत. "भरा," ती म्हणाली, आणि अकराशे चार बाटल्या भरून, टोपणं ठोकून, लेबलं लावून थंड खोलीत गेल्या.

तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. नात झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप होती, आणि बाळाचं नाक आजीवर गेलं होतं. सगळं सांगून झाल्यावर मावशी म्हणाली, "आणि ऐक, त्या दिवशी गडबडीत राहिलं. थोरलीला आठ-दहा दिवस दे अजून. लोणी लागत होतं."

भाचीच्या आनंदावर जे विरजण पडलं, ते काही साधंसुधं नव्हतं. ती खुर्चीत बसली.

"मावशी, भरली."

"काय भरली?"

"थोरली. त्याच दिवशी. तूच म्हणालीस, बसली."

"मी? कधी?" मावशीने विचारलं. भाचीने फोनवरचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मग मावशी एकदम म्हणाली, "अगं, ती ताई! ताई बसली का, असं विचारतेयस वाटलं मला. तिला बसमध्ये चढवता चढवता माझा आणि कंडक्टरचा जीव गेला!"

मागून आईचा आवाज आला, "माझं काय चाललंय?" आणि मावशीने सांगितल्यावर आई अशी हसली की बाळ उठलं. ध चा मा पेशव्यांकडे झाला होता. इथे ध चा धच राहिला आणि तरी घोटाळा झाला. मावशीही हसली. भाचीला वाटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात मावशी म्हणाली, "पण तू चाखली असशील ना?"

"चाखली."

"तुला काय लागलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण या बाईशी जिभेबद्दल खोटं बोलायचं तिच्या मनातच आलं नाही. "लोणी," ती म्हणाली.

पलीकडचं हसू थांबलं. "मग भरलीस कशाला?"

"तू म्हणालीस म्हणून."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी म्हणाली. रागावून नाही, थकून म्हणाली, आणि तेच भाचीला जास्त लागलं. "बरं. आल्यावर बघू."

त्या 'बघू'चा अर्थ भाचीला कळत होता. कारखाना मिटला असं तिने धरूनच चाललं. ती फरशीवर पाइप सोडून रडली. पाइप यासाठी की शेजारच्या शिंप्याला आवाज जाऊ नये.

रडून झाल्यावर माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. मावशी भरताना बियरमधलं यीस्ट गाळून काढायची नाही; बाटलीत ते जिवंत असायचं, आणि यीस्ट जिवंत असेल तर ते लोणी खाईल. पण थंड खोलीत ते झोपणार, खाणार कधी? त्याला ऊब हवी. भाचीने शेहेचाळीस क्रेट थंड खोलीतून काढून बॉयलरच्या खोलीत नेले. एकेक क्रेट कमरेवर घेऊन, उतरत्या फरशीवरून पाय जपत. संध्याकाळी तिला वाकता येत नव्हतं. मग तिने दारावर थर्मामीटर लटकवलं आणि रोज सकाळी एक बाटली उघडायची असं ठरवलं.

सहाव्या दिवशी कोपऱ्यावरचा बारवाला गाडी घेऊन आला. थोरलीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आल्या आल्या त्याने बॉयलरच्या खोलीत डोकावून पाहिलं.

"भाची, माल तर तयार दिसतोय. वीस क्रेट टाका गाडीत."

"अजून झाली नाही ती."

"झाली नाही म्हणजे? बाटलीत आहे, टोपण आहे, लेबल आहे. आणखी काय हार घालायचा राहिलाय?"

"लोणी लागतंय."

त्याने एक बाटली मागितली, उघडली, अर्धी प्यायला आणि ओठ पुसले. "मला नाही लागत बुवा. मावशींना विचारा हवं तर."

भाचीचा हात फोनकडे गेला. खरंच गेला. तिने तो मागे घेतला आणि ॲप्रनच्या खिशात घातला. "मावशीला नाही विचारायचं. मला लागतंय. नाही मिळणार."

बारवाला चिडला. दुसऱ्या कारखान्याचं नाव घेऊन दाखवलं, मग मधलीचे पाच क्रेट घेऊन गेला. चूक केली की बरोबर, हे भाचीला सांगता आलं नसतं. पण दुपारी तिने पोटभर जेवण केलं. तीन दिवसांनी केलं.

रोज सकाळी एक बाटली. सातव्या दिवशी लोणी कमी झालं. दहाव्या दिवशी तिला वाटलं गेलं, आणि अकराव्या दिवशी पुन्हा सापडलं. ती आता काटा सोडत नव्हती. बाटलीत तो सोडणार कुठे? वहीत आकड्यांच्या जागी शब्द यायला लागले. 'थर पातळ.' 'फक्त थंड असताना.' 'गिळल्यावर मोजून पाच श्वासांनी.' रंगाच्या कारखान्यात असं कुणी लिहिलं असतं तर नोकरी गेली असती.

अठराव्या दिवशी मावशी आली. तीन दिवस आधीच आली. लेकीची सासू उत्साही निघाली होती आणि एका स्वयंपाकघरात तीन आज्या मावत नव्हत्या. बरोबर भाचीची आईही होती. आत पाऊल टाकताच मावशीने पिशवी ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "आण."

भाचीने बाटली आणली. मावशीने हुंगली, घोट घेतला, डोळे मिटले. भाची पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे न बघता आपल्या पेल्याकडे बघत होती. तिनेही घोट घेतला आणि श्वास मोजले.

"बसली," मावशी म्हणाली. डोळे उघडून हसली. "वाचवलीस की गं. उबेत ठेवलीस ना? मी हेच सांगणार होते."

आता इथे गप्प बसलं असतं तर सगळं सुखाने पार पडलं असतं. बियर वाचली, मावशी खूश, आई खूश. भाचीला हे सगळं दिसत होतं. तिला कारखाना हवा होता आणि तो हातभर अंतरावर होता.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "अजून आहे. अगदी शेवटी."

"कुठे?" मावशीने पुन्हा घोट घेतला. डोळे मिटले. "काही नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं झालंय तुझं."

"तसं असेल. पण मला लागतंय. पाच श्वासांनी येतं."

मावशीने तिसरा घोट घेतला आणि या वेळी बोटांवर श्वास मोजले. पाच झाले, सहा झाले, दहा झाले. मावशीने मग पेला आपल्या बहिणीपुढे धरला. "ताई, तू घे. एक घोट. आणि लगेच बोलू नकोस, थांब."

आईला पिण्यातलं काही कळत नव्हतं. म्हणूनच तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, थांबली. आणि मग जीभ टाळूला लावून म्हणाली, "हे शेवटी तुपकट काय येतंय गं?"

मावशीने पेला परत घेतला आणि त्यात पाहत राहिली. भाचीला बरोबर ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिला वाटलं, आपण खोटं ठरलो असतो तर बरं झालं असतं.

"मला नाही लागत," मावशी म्हणाली. "निघताना लागलं होतं, तेव्हा ते ढीगभर होतं. एवढंसं असलं की नाही लागत आता." मग म्हणाली, "गेल्या खेपेची मधली मी अशीच सोडली असेल का गं?"

भाचीला ते माहीत होतं. गेल्या खेपेच्या मधलीत तिला काहीतरी लागलं होतं आणि ती मूग गिळून गप्प बसली होती. "थोडं होतं," ती म्हणाली.

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही बोलले. चुकलं माझं."

मावशीने मान हलवली. तिला वाईट वाटलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि आईने पाठीवरून हात फिरवला तो फिरवू दिला. आई म्हणाली, "माझे गुडघे गेले, तुझी जीभ गेली. काहीतरी जायचंच."

"माझे गुडघेही गेलेत," मावशी म्हणाली आणि मग दोघी बहिणी हसल्या.

बाहेर गाडी थांबली. बारवाला आला होता. मावशी परतल्याचं त्याला कुठून कळलं देव जाणे. दारातूनच त्याने हात जोडले. "मावशी, आलात ते बरं झालं! तुमची भाची काही ऐकत नाही. वीस क्रेट अडवून ठेवलेत. तुम्ही चाखली ना? नेऊ का?"

भाची सवयीने मावशीकडे बघणार होती. पण मावशी पाठ करून नळाखाली पेला धुवत होती.

"मला काय विचारतोस?" मावशी मागे न वळता म्हणाली. "बियर तिची आहे. तिला विचार."

बारवाल्याने भाचीकडे पाहिलं.

"सोमवारी या," भाची म्हणाली.